शिळेवरची झाडे-फुले

घाटकोपर म्हटले की आज गर्दीचे स्थानक आणि मेट्रो डोळ्यांपुढे येते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र भारतीय चित्रांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा छापखाना याच उपनगरात होता. राजा रविवर्मा आणि त्यांचे बंधू सी. राजराजवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना काही वर्षे घाटकोपरला चालला व पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलविण्यात आला. तेथील लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी पोहोचल्या, हे सर्वश्रुत आहे. ज्या तंत्राने हे साधले, त्याच तंत्राने त्याआधी कित्येक दशके भारतातील झाडाझुडपांची चित्रे अभ्यासकांच्या हाती दिली होती, हे तितकेसे ठाऊक नसते.

शिळामुद्रणाचा शोध जर्मनीतील अलॉइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास लावला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढ्या साध्या गोष्टीवर ते आधारलेले आहे. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने वा शाईने चित्र काढतात. त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल यांचे मिश्रण फिरवितात. मग शिळा ओली करून शाईचा रूळ फिरविला की शाई फक्त तेलकट रेषांना चिकटते. ओला भाग ती नाकारतो. कागद दाबला की उलटे चित्र सुलटे उमटते. मराठी वाचकाला ही कला परकी नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग शिळाछापाचेच होते.

वनस्पतिशास्त्राला हे तंत्र विशेष मानवले. ताम्रपटावर चित्र कोरायला निराळा कसबी कारागीर लागे. शिळेवर चित्रकाराला कागदावर काढावे तसे थेट रेखाटता येई. पानावरची लव, पाकळीची सुरकुती, सालीचा खडबडीतपणा खडूच्या कणदार रेषेत सहज उतरे. रंग प्रारंभी हाताने भरले जात. पुढे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून रंगीत छपाई होऊ लागली. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट या शल्यचिकित्सकाने १८३८ ते १८५३ या काळात दक्षिण भारतातील वनस्पतींचे २१०१ चित्रफलक प्रसिद्ध केले. त्यांमागे रुंगिया आणि गोविंदू या भारतीय चित्रकारांचा हात होता.

वनस्पतिचित्रांच्या या परंपरेत एक मराठी नावही आहे. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे १९०९ च्या बडोदे येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मुंबईच्या विषारी वनस्पतींवर त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली. मेजर बी. डी. बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा ग्रंथ, हजाराहून अधिक चित्रफलकांसह, त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये अलाहाबादहून प्रसिद्ध झाला.

छायाचित्राच्या युगात अशा चित्रांचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडू शकतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील पळसाचे उदाहरण घ्यावे. तो फुलतो तेव्हा फांद्या जवळजवळ निष्पर्ण असतात. शेंगा पिकतात त्या नंतर. कॅमेऱ्याला एका वेळी एकच ऋतू दिसतो. चित्रकार मात्र त्रिदल पान, फूल, उकललेली पाकळी आणि टोकाशी एकच बी असलेली शेंग एकाच पानावर मांडतो. ते केवळ सुंदर चित्र नसते, तर झाडाची ओळखपत्रिका असते.

म्हणूनच आज या चित्रांचे जे होते आहे, ते चिंताजनक आहे. छपाई संपली की शिळा घासून पुढच्या चित्रासाठी वापरली जाई. त्यामुळे मागे राहिला तो केवळ कागद. जुन्या ग्रंथांतील फलक कापून, चौकटीत बसवून, दिवाणखान्याची शोभा म्हणून विकले जातात. चित्र भिंतीवर जाते. पण झाड कोठे आढळले, त्याचा उपयोग काय, कोणता भाग विषारी, हे सांगणारा मजकूर त्यापासून कायमचा तुटतो. ग्रंथही अपुरा होतो आणि चित्रही मुके होते.

जुने चित्र घेणाऱ्याने प्रथम भिंगातून पाहावे. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित जाळी दिसते. खडूने काढलेल्या शिळाछापात अनियमित कण दिसतात. मुंबईच्या दमट हवेत असा कागद लवकर डागाळतो. त्याला आम्लरहित पुठ्ठ्याचा आधार द्यावा, काच कागदाला टेकू देऊ नये, ऊन टाळावे आणि लॅमिनेशन तर कधीच करू नये. घरात जुना सचित्र ग्रंथ असल्यास त्याचे एकही पान सुटे न करता तो अखंड ठेवणे, हीच त्याची खरी जपणूक होय.