कुलाब्याचा चुंबक, कोल्हापूरची गाडी

१ सप्टेंबर १८५९, दुपारी चारनंतर (वेळा तेव्हाच्या मुंबईच्या). इंग्लंडात रेडहिलला खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होता. डागांवर अचानक दोन पांढरे ठिपके लखलखले. साक्षीदार हवा म्हणून तो धावला. मिनिटभरात परतला, तोवर ठिपके विझत आले होते.

रात्र. सूर्यातून सुटलेला भारित कणांचा लोट वाटेवर. एरवी अशा लोटाला दोन-तीन दिवस लागतात. याला साडेसतरा तास पुरले.

२ सप्टेंबर, सकाळी साडेनऊनंतर. कुलाबा वेधशाळेतला टांगलेला चुंबक बिथरला. अकरानंतर तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळलं. हा आकडा जगाला कळला तो २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लाखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसोबत जुन्या नोंदी उलगडल्यावर. भर दिवसा मुंबईकरांना आकाशात काय दिसणार? काहीच नाही.

संध्याकाळ, म्हणजे अमेरिकेत सकाळ. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपसूक आलेल्या प्रवाहावर संदेश धाडले.

आता तेच वादळ आज आलं असं धरू. सूर्य न्याहाळणारं भारताचं यान आदित्य एल-१, योगायोगाने २ सप्टेंबरलाच (२०२३) उडालेलं, पृथ्वीपासून सूर्याच्या बाजूला १५ लाख किलोमीटरवर आहे. १८५९ च्या त्या वेगाने लोट तिथून इथे यायला दहा-अकरा मिनिटं. कोल्हापुरात कावळा नाक्यावरून शिवाजी विद्यापीठ गाठायलाही तेवढी लागतात, आणि तिथे त्याच भूचुंबकत्व संस्थेचं रडार वरच्या वातावरणावर नजर ठेवून असतं.

पहिली मिनिटं. गाडी बंद पडेल? नाही. सौरवादळाचा बदल संथ असतो, गाडीतल्या चार-पाच मीटरच्या एकेका वायरीत त्याला काही सापडत नाही. गाड्यांना धाक आहे तो उंचावरच्या अणुस्फोटाच्या झटक्याचा, कारण तो क्षणार्धात चढतो. अशा झटक्यांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी आयोगाने ३७ मोटारी तशा झटक्यात उभ्या केल्या तेव्हा चालू असलेल्या तीन बंद पडल्या, पण किल्ली फिरवताच सुरू झाल्या. अर्थात त्या १९८६ ते २००२ च्या होत्या. आजच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स कितीतरी जास्त.

पुढचे तास. वादळ शेकडो किलोमीटरच्या उच्चदाब तारा पकडतं, ट्रान्सफॉर्मर तापतात. १३ मार्च १९८९ ला क्वेबेकचं जाळं ९२ सेकंदांत बसलं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. कोल्हापूर विषुववृत्ताजवळ, तेवढा धोका नाही; पण कुलाबाही फार उत्तरेला नव्हताच.

वीज गेलीच, तर जुनी बुलेट लाथ मारून सुरू होईल. पेट्रोल पंप मात्र विजेवर चालतो, आणि शहराचा पाणीउपसाही.