नकोसा मर्ज आणि न पुसलेला इतिहास

नको असलेली ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाली तर आजचा प्रोग्रामर वैतागतो, पण सहसा हादरत नाही. याचं श्रेय आपण मर्ज उलटवणाऱ्या कमांडला देतो. खरं तर ते जुनं काही पुसायचंच नाही या निर्णयाचं आहे, आणि मर्जच्या बाबतीत तो अंगवळणी पडायला तीन दशकं गेली. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये एससीसीएस ही कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी प्रणाली लिहिली, तेव्हा नोंद एकेका फाइलची होई. पुढे आलेल्या आरसीएसमध्येही रिवाज हाच, की एकानं फाइल लॉक करायची आणि दुसऱ्यानं थांबायचं. मग मर्जची वेळ येणार किती वेळा? सीव्हीएसनं ते लॉक काढलं आणि मर्ज रोजचा झाला, पण त्याची नोंद राहत नसे. ब्रँचमधून आलेले बदल साध्या दुरुस्त्यांसारखेच दिसत. कुठून, कुठपर्यंतचे घेतले हे कळावं म्हणून लोक टॅग लावत. टॅग विसरला, की नेमकं काय उलटवायचं हाच प्रश्न. सबव्हर्जन ही नोंद स्वतः ठेवू लागलं ते २००८ मधल्या १.५ आवृत्तीपासून.

लिनक्स कर्नलला बिटकीपर या तशाच प्रणालीचा मोफत वापर बंद होणार म्हणून लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये घाईनं गिट लिहिलं. त्यात मर्ज म्हणजे एकाहून अधिक, बहुधा दोन, पालक असलेला कमिट. पालकांचे हॅश कमिटमध्येच असतात आणि कमिटची ओळख त्याच्या मजकुरावरून काढलेल्या ४० अक्षरी हॅशनं ठरते; म्हणून जुना कमिट बदलता येत नाही, फार तर शेजारी नवा करता येतो. ब्रँच हे नुसतं एका कमिटकडे बोट दाखवणारं नाव. मर्ज अजून पुश झाला नसेल तर ‘रीसेट’नं ते नाव मागे सरकवलं की झालं. पण मग ‘रीसेट हार्ड’नं लोकांचं काम जातं ते कसं? जातं ते मुख्यतः कमिट न केलेलं. कमिट केलेलं रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ते नाव आधी कुठेकुठे होतं याच्या नोंदवहीत, सापडतं. कुठल्याच ब्रँचवर न उरलेल्या कमिटची नोंदही तिथे एरवी ३० दिवस टिकते.

पुश झालेल्या मर्जला मात्र रिव्हर्टच हवा, म्हणजे त्याचे बदल उलटवणारा नवा कमिट, आणि मुख्य पालक कोणता हेही सांगावं लागतं. खरी मेख पुढे आहे. रिव्हर्ट मजकूर परत नेतो, मर्ज झाल्याची नोंद तशीच राहते. ब्रँच दुरुस्त करून पुन्हा मर्ज केली, तर फक्त नव्या दुरुस्त्या येतात. जुने बदल गिटच्या लेखी आधीच आलेले. टॉर्व्हाल्ड्स यांनी २००८ मध्ये हे समजावून सांगितलं, तेव्हाचा उपाय आजही तोच: आधी रिव्हर्टचाच रिव्हर्ट, मग मर्ज. हा दोष आहे, असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचा वैताग समजण्यासारखा आहे. पण नोंदही पुसायची तर पुश झालेले कमिट नव्यानं लिहावे लागतील, आणि त्यांच्यावर ज्यांनी पुढचं काम रचलं त्यांना ते सगळं नव्या पायावर हलवावं लागेल. ब्रँचच मुळापासून नव्यानं लिहिली असेल तर मात्र रिव्हर्टचा रिव्हर्ट करू नये. तेच बदल दोनदा येऊन कॉन्फ्लिक्ट उभे राहतात.