घरात एकाला मधुमेह: सगळ्या कुटुंबाने काय बदलावे?

घरात कोणाला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब निघाला की त्यांच्यापुरती वेगळी भाजी आणि बिनसाखरेचा चहा सुरू होतो. बाकीचे पूर्वीसारखेच जेवतात आणि काही आठवड्यांत ते वेगळे ताटही बंद पडते. खरे तर हे निदान भावंडांसाठी आणि मुलांसाठीही सूचना असते. आई किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह असेल, तर मुलांना तो होण्याची शक्यता वाढते. आनुवंशिकता बदलता येत नाही, पण घराचा किराणा आणि दिनक्रम बदलता येतो.

वजनाबरोबर कंबरही मोजा

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबी जास्त असू शकते, ती अशी.

म्हणून भारतीय प्रौढांमध्ये बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंमी आणि स्त्रियांमध्ये ८० सेंमीपेक्षा कमी असावा. शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा. पोट आत न ओढता, सहज श्वास सोडून मोजा.

महिन्याचा किराणा तपासा

चार प्रौढांच्या घरासाठी हा साधारण अंदाज:

• तेल-तूप: बैठे काम असल्यास महिन्याला मिळून अडीच ते तीन लिटर.
• मीठ: प्रत्येकी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही यातच धरा. एक किलोची पिशवी ५० दिवसांपेक्षा जास्त पुरायला हवी.
• साखर: प्रत्येकी दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर उत्तम. दोन चमचे साखरेचे चार कप चहा एवढ्यानेच ही मर्यादा ओलांडतात. गूळ आणि मधही साखरेतच मोजा.

ताट सगळ्यांचे एकच

अर्धे ताट भाज्या आणि कोशिंबिरीचे, पाव ताट भाकरी, पोळी किंवा भाताचे आणि पाव ताट डाळ, उसळ, अंडी किंवा मासे यांचे ठेवा. बटाटा भाज्यांत मोजू नका. रसाऐवजी अख्खे फळ खा. बिस्किटे आणि फरसाण डब्यात भरून ठेवलेच नाही, तर मुलांना सारखे ‘नको’ म्हणावे लागत नाही.

हालचाल आणि झोप

प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. पाच वर्षांवरील मुलांना रोज ६० मिनिटे खेळ हवा. रात्री जेवण लवकर घ्या आणि त्यानंतर सगळे मिळून १०-१५ मिनिटे चाला. जेवताना टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवा. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, त्यामुळे झोपेची वेळही ठरवून घ्या.

मुलांच्या बाबतीत काळजी

मुलाला ‘जाड्या’ म्हणून चिडवू नका आणि उपाशी ठेवू नका. वाढत्या वयातील मुलांसाठी प्रौढांचा बीएमआय किंवा कंबरेचे वरील आकडे लागू होत नाहीत. बालरोगतज्ज्ञ वाढीच्या तक्त्यावरून सांगतात. अनेकदा मुलाचे वजन कमी करण्यापेक्षा, उंची वाढत असताना ते न वाढू देणे पुरेसे असते.

डॉक्टरांना कधी भेटावे?

• वय ३० च्या पुढे असल्यास त्रास नसतानाही रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रांतही ही तपासणी होते.
• मानेवर किंवा काखेत काळसर, जाडसर त्वचा, फार तहान, वारंवार लघवी किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काही असल्यास वयाची वाट पाहू नका.
• मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना आहार एकदम कमी केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आधी डॉक्टरांना सांगा. औषधे स्वतःहून बंद करू नका.
• मूत्रपिंडाचा आजार असल्यास ‘कमी सोडियमचे’ मीठ विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असते.

सगळे एकाच दिवशी बदलायची गरज नाही. या आठवड्यात घरातील सर्व प्रौढांची कंबर मोजून लिहून ठेवा आणि पुढच्या किराणा यादीतील तेल, साखर, मीठ यांपैकी एक गोष्ट कमी करा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.