शाई खाली, हवा वर

फोनवर तीन फोटो होते. पहिल्यात टोपण लावलेलं काळं पेन, दुसऱ्यात टोपण काढलेलं, तिसऱ्यात नळीच्या तळाशी कोरलेला 52 हा आकडा. खाली एकच ओळ : 'जुनं वॉटरमन, वर्किंग कंडिशन.' आकडा बोटांनी मोठा करून पाहिला आणि रात्री साडेअकराला पैसे भरून मोकळा झालो. आठवड्याने पेन आलं. त्याच्या पोटावरची छोटी पट्टी नखाने उचलायला गेलो, तर ती हलेना. जरा जोर केला आणि आतून पापड मोडल्यासारखा आवाज आला. पुढचा भाग शेकून हळूहळू ओढून काढला, तेव्हा नळीतून काळ्या खपल्या कागदावर पडल्या. कधीकाळी ती रबराची मऊ पिशवी होती.

विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर लगेच आलं : 'सर, निब एक नंबर आहे. शाईत बुडवून लिहून बघा.'

म्हणजे पठ्ठ्याने फाउंटन पेन टाकासारखं दौतीत बुडवून तपासलं होतं. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी जे लिहितं ते चालतं. पण टाक आणि फाउंटन पेन ह्यांत फरक आहे तो एवढाच, की एकाला दौत लागते आणि दुसऱ्याने ती पोटात घेतलेली असते. दौत पोटात घालण्यासाठी माणसाला किती खटपट करावी लागली, हीच ह्या वस्तूची कुळकथा.

आपल्याकडे आधी बोरू होता, इंग्रजी अमदानीत टाक आला. दोघांचीही दौतीशी गाठ पक्की : चार शब्द लिहायचे की परत बुडी. बोरूची शाई दिव्याच्या काजळाची आणि डिंकाची. पेशवे दफ्तरातला कागदांचा एखादा रुमाल उघडला तर आतलं मोडी अक्षर अजून काळंभोर दिसतं, ती ह्या काजळाची करामत. पण हीच शाई फाउंटन पेनात भरली तर काजळाचे कण आणि डिंक मिळून चार दिवसांत त्याचा गळा बंद करतील. बोरूला चालणारी शाई ह्या नव्या लेखणीला चालणार नव्हती.

नाव मात्र वस्तूच्या खूप आधी तयार होतं. इंग्रजीतलं फाउंटन म्हणजे झरा किंवा कारंजं. मराठीत त्यावरून 'झरणी' हा शब्द घडवला गेला. शब्द देखणा, पण तोंडात बसला नाही. आपण फाउंटन पेनच म्हणत राहिलो, पुढे नुसतं पेन. बॉलपेन आल्यावर मात्र ह्या मूळ मालकालाच ओळखपत्र काढावं लागलं आणि तो 'शाईपेन' झाला.

वस्तूसाठीची धडपड तर फार जुनी. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल्-मुइझ्झ ह्याला हात न माखणारी, उलटी धरली तरी न गळणारी लेखणी हवी होती आणि ती त्याला करून दिली गेली, अशी नोंद त्याच्या दरबारच्या काझी अल्-नुमानने केली आहे. 1636 मध्ये डॅनियल श्वेंटर ह्या जर्मन पंडिताने एका पिसाच्या पोकळीत दुसरं पीस बसवून शाई साठवायची युक्ती छापली. फ्रान्सच्या निकोला बिऑंने 1709 च्या आपल्या उपकरणांवरच्या पुस्तकात अशा लेखणीला जे नाव दिलं त्याचा अर्थ 'न संपणारी लेखणी'. पॅरिसमध्ये शिकणारा रुमानियाचा पेत्राके पोएनारू वर्गात टिपणं घेताना पीस सारखं बुडवून कंटाळला आणि त्याने 25 मे 1827 रोजी अशाच लेखणीचं फ्रेंच पेटंट मिळवलं. पण कोणाचंच पेन घरोघर पोचलं नाही. ती एक तर लिहीतच नसत, नाहीतर लिहिता लिहिता भळकन ओकत.

कारण समजायला देवळात जावं. पिंडीवरच्या अभिषेकपात्राला तळाशी भोक असतं आणि वर तोंड उघडं. खालून जितकं पाणी गळतं तितकी हवा वरून आत येते, म्हणून धार अखंड चालते. त्याचं तोंड झाकून हवाबंद केलंत तर धार तुटते. आता अरुंद तोंडाची भरलेली शिशी पालथी करा. पाणी भकभक येतं, अडतं, पुन्हा भकभक येतं. प्रत्येक भकेआधी एक बुडबुडा आत शिरतो. खिशातल्या पेनाला वर तोंड उघडं ठेवता येत नाही, म्हणजे ते कायमचं पालथ्या शिशीसारखं. शाई बाहेर पडायची आणि हवा आत शिरायची वाट एकच. तिथे दोघींची चेंगराचेंगरी झाली की कागदावर डाग.

ही वाहतूक मार्गी लावली लुईस एडसन वॉटरमन ह्या न्यूयॉर्कच्या गृहस्थाने. त्याचं पेटंट 12 फेब्रुवारी 1884 चं. गोष्ट अशी सांगतात, की तो विम्याचा एजंट होता, मोठ्या करारावर सही घेताना पेनाने डाग पाडला, तो नवा कागद आणायला गेला तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्याने पळवलं आणि त्या रागातून हे पेन जन्मलं. वॉटरमन 1901 मध्ये वारला. गोष्ट पसरली ती त्यानंतर, त्याच्याच कंपनीच्या प्रचारातून. समकालीन कागदपत्रांत तिचा मागमूस नाही, असं पेनांचे अभ्यासक सांगतात. खरी करामत त्याच्या निबेखाली होती.

निबेच्या पोटाशी जो काळा तुकडा असतो त्याला आम्ही शाळेत जीभ म्हणायचो. वॉटरमनने ह्या जिभेवर लांबीभर एक चौकोनी खाच पाडली आणि खाचेच्या तळाशी केसासारख्या तीन बारीक चिरा दिल्या. टीपकागद ज्या गुणाने शाई ओढतो त्याच गुणाने चिरा शाई ओढून टोकापर्यंत नेतात. वरची रुंद खाच हवेला मोकळी राहते. लिहिताना कागद जेवढी शाई घेईल तेवढीच हवा आत जाते. लिहिणं थांबलं की हवाही थांबते. शाई खाली, हवा वर, आणि दोघींच्या वाटा वेगळ्या. आजच्या कुठल्याही शाईपेनाची निब उपसून पाहा, जिभेवर ह्याच तत्त्वाच्या खाचा दिसतील.

तोवर बाकीची सामग्रीही गोळा झाली होती. रबरात भरपूर गंधक घालून शिजवलं की शिंगासारखं कडक एबोनाइट होतं. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाती आलं. ते लेथवर उतरवता येतं आणि त्याला शाई खात नाही. त्या काळच्या लोखंडी क्षारांच्या आंबट शाईने पोलादी निबा गंजत, सोनं गंजत नसे. सोनं मऊ, म्हणून टोकाला इरिडियम-ऑस्मियमसारख्या कठीण धातूचा कण डाखायचा. आणि कृत्रिम रंगांच्या पातळ शाया 1856 नंतर येऊ लागल्या होत्या.

वॉटरमनचं पेन भरायची रीत साधी होती. पुढचा आटा फिरवून सोडायचा, ड्रॉपरने नळीत शाई सोडायची, आटा लावायचा. पिशवी नाही, पट्टी नाही, नळी हीच दौत. भरताना बोटं निळी व्हायची, म्हणून पुढची चाळीस-पन्नास वर्षं पेनवाल्यांची सगळी अक्कल एकाच प्रश्नावर खर्च झाली : पेनाला आपलं आपण शाई प्यायला कसं शिकवायचं? ओहायोच्या कॉंकलिनने आत रबरी पिशवी घातली आणि ती दाबायला नळीबाहेर चंद्रकोर काढली. मार्क ट्वेनने ह्या पेनाची तारीफ केली, कारण कोरीमुळे ते मेजावरून गडगडत नसे. आयोवातला जवाहिऱ्या वॉल्टर शेफरने 1908 मध्ये चंद्रकोरीच्या जागी पट्टीचं पेटंट घेतलं. पट्टी उचला, पिशवी चेपते. सोडा, पिशवी फुगते आणि शाई ओढते. 1929 मध्ये जर्मनीच्या पेलिकनने पिचकारीसारखा दट्ट्या आणला. 1933 मध्ये पार्करने व्हॅक्युमॅटिकच्या शेपटीत रबरी पडदा बसवला. 1941 च्या पार्कर 51 मध्येही तोच पडदा होता. 1948 पासून त्यात पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आली आणि त्यांतल्या पुष्कळ पिशव्या अजून कामात आहेत.

ह्यातली बरीचशी हुशारी रबरावर उभी होती आणि रबराला आयुष्य असतं. माझ्या कागदावर पडलेल्या खपल्या म्हणजे ते संपलेलं आयुष्य.

भारतात मात्र गाडी मूळ स्टेशनातच थांबली आणि त्यात आपलं भलं झालं. 1932 मध्ये आंध्रातल्या राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम ह्यांनी स्वदेशी पेन करायला सुरुवात केली. एबोनाइटची कांडी, लेथ, आणि भरायला ड्रॉपर. त्यांचं पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हातून वर्ध्याला गांधीजींकडे पोचलं. तिथल्या मगनवाडीत ह्या संघाचा कारभार नुकता सुरू झाला होता. जुलै 1935 मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नमना पोच दिली : पेन वापरलं, बाजारातल्या विलायती पेनांना चांगला पर्याय दिसतो. शाईचीही सोय इथेच होत होती. मुंबईत दांडेकर बंधूंनी 1931 मध्ये घोडाछाप शाईची पूड आणि गोळ्या काढल्या होत्या. गोळी पाण्यात विरघळवा, की दौत तयार. पुढे ह्याच घराण्याचं कॅम्लिन झालं.

ड्रॉपरचं पेन इथे टिकलं ह्यात नवल नाही. त्यात सडायला काही नाही. पाझरणाऱ्या आट्याला जरासं ग्रीस लावलं की झालं. लेथ असलेला कारागीर ते बनवू शकतो, आणि पोटात शाई मावते ती पिशवीवाल्यापेक्षा कितीतरी जास्त. खोड एकच. शाई पाव उरली की नळीत हवा फार होते, तळव्याच्या उबेने ती फुगते आणि एक टपोरा थेंब ऐन ओळीवर ढकलते. परीक्षेत शेवटच्या पानावर पडणारा तो डाग ह्याच हवेचा. उपाय मुलांना पाठ होता : शाई अर्ध्यावर आली की भरून टाका.

ही वंशावळ कळली, की खरेदीचे फोटो वेगळे दिसायला लागतात. माझ्या पेनावरचा 52 हा मुळात पत्ताच होता. वॉटरमनच्या हिशेबात 5 म्हणजे पट्टीवाला आणि 2 हा निबेचा आकार. नुसता 12 असता तर ते ड्रॉपरचं आणि त्यात पिशवीचा प्रश्नच नाही. तीसचाळीसच्या दशकांतल्या पुष्कळ पार्करांच्या नळीवर एक बारीक आकडा आणि भोवती टिंबं असतात. आकडा वर्षाचा शेवटचा अंक, टिंबं तिमाहीची. पेनाचं जन्मटिपणच ते. वॉटरमनच्या नळीत नुसतं 'वॉरंटेड 14 कॅरट' लिहिलेली निब दिसली, तर ती बहुधा दुसऱ्या घरातून दत्तक आली आहे. काळं एबोनाइट शेवाळी तपकिरी झालं असेल तर ते उजेडात राहिलंय. हाताने चोळून वास घ्या, गंधकाचा येईल. फोटोत वास येत नाही, पण रंग दिसतो. आणि फार चकचकीत काळं दिसलं तर पॉलिश करताना कोरलेली अक्षरं पुसली गेली का, ते विचारावं.

आता मी विकणाऱ्याकडे चार फोटो मागतो : निब वरून, जीभ खालून, टोपणाची कड जवळून आणि पट्टी पूर्ण उघडलेली. चौथा फोटो आला नाही तर पिशवी गेली असं धरून किंमत सांगतो. चालतं का, हा प्रश्न विचारत नाही. शाई पितं का, असं विचारतो. निम्मे लोक ह्यावर गप्प होतात, उरलेले खरं सांगतात.

ते वॉटरमन घेऊन एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी नळी डोळ्यासमोर धरली आणि हसले. 'कितीला घेतलंत?' आकडा सांगितला. 'मग आता हे पण द्या,' म्हणत त्यांनी नवी पिशवी कात्रीने मापाला कापली आणि लाखेचं बोट फिरवून पुढच्या भागाच्या नळकांड्यावर चढवली. जगभर पेन दुरुस्त करणारे पिशवी लाखेनेच चिकटवतात, कारण पुढच्या वेळी ती शेकून सोडवता येते. ती लाख मुख्यत्वे आपल्याच जंगलांतून जाते. 'किती टिकेल?' मी विचारलं. 'पंधरा-वीस वर्षं. मग या परत. मी नसेन, पण तुम्हाला आता येतंय.'

घरी येऊन पेनाची मान दौतीत बुडवली, पट्टी उचलली. शाईत बुडबुड्यांची रांग वर आली. पट्टी सोडली आणि मनात दहापर्यंत मोजलं. मग लिहून पाहिलं. ओळ सरळ चालली. शेजारी राजमहेंद्रीचं एक जाडजूड ड्रॉपरपेन पडलं होतं, ऑनलाइन निम्म्याहून कमी पैशांत मिळालेलं. आल्या दिवशी धुतलं, भरलं, लिहिलं. त्याला काकांकडे न्यावं लागलं नाही. ह्या घराण्यातले पणजोबा आमच्याकडे अजून हिंडतेफिरते आहेत. लाखेचा खर्च येतो तो नातवंडांचा.