दोन सूर्योदयांचा प्रवास

ऑस्ट्रेलियातले पर्थ आणि लंकेतले कोग्गल यांत सुमारे साडेतीन हजार मैल समुद्र आहे. जेट विमानाचे हे सात-आठ तासांचे काम. १९४३ साली मात्र सत्तावीस ते तेहेतीस तास लागत! १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले, आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग तुटला. तो सांधण्यासाठी क्वांटास कंपनीने पाण्यावर उतरणारी कॅटलिना विमाने सोडली. पेट्रोलचाच भार इतका, की उतारू फार तर तीन. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र मुके ठेवायचे, अन् रात्री तारे पाहून दिशा धरायची. आपले जुने तांडेल धरीत तशीच. वाटेत सूर्य दोनदा उगवे. १९४५ पर्यंत अशा २७१ खेपा झाल्या. एकही विमान बुडाले नाही.