दारातलं काटेरी युफोर्बिया: लावा जरूर, पण चिकापासून डोळा जपा

आमच्याकडं आता बहुतेक घरांच्या ओट्यावर, गच्चीवर एक तरी काटेरी कुंडी दिसते. अंगभर काटे, शेंड्याला हिरवी पानं आणि लाल, गुलाबी नाहीतर पिवळ्या फुलांचे झुबके. नर्सरीवाले याला नुसतं युफोर्बिया म्हणतात. पाणी कमी लागतं आणि फुलं जवळपास बारमाही, म्हणून बायाबापड्या हौसेनं लावतात. पण याच्या फांदीत जो पांढरा चीक आहे, तो डोळ्याला घातक आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. मलाही माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात वाढलेल्या फांद्या विळ्यानं छाटत होतो. हाताला चीक लागला, तो फडक्याला पुसला आणि काम चालू ठेवलं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला म्हणून त्याच हातानं डोळा चोळला. आधी थोडी चुरचुर झाली. तासाभरानं मात्र डोळा उघडेना, उजेड सहन होईना, पाण्याची धार लागली. रात्र तशीच काढली, ही दुसरी चूक. सकाळी तालुक्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो. बुबुळाला सूज आली होती. आठ-दहा दिवस औषध घालून डोळा वाचला. शेतात पन्नास वर्षांचा शेर बांधावर आहे, त्याला आम्ही कधी सहज हात लावत नाही, आणि दारातल्या कुंडीनं फसवलं.

हे झाड नक्की कोणतं?

हे मूळचं आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटावरचं. शास्त्रीय नाव युफोर्बिया मिली. रियुनियन बेटाचे फ्रेंच गव्हर्नर मिलियस यांनी 1821 मध्ये ते फ्रान्सला नेलं, म्हणून त्यांचं नाव झाडाला लागलं. मोठ्या फुलांच्या ज्या जाती आता मिळतात, त्यातल्या बऱ्याच थायलंडमध्ये तयार झालेल्या आहेत.

काटे बघून आपण याला निवडुंग म्हणतो, पण फड्या निवडुंग वेगळा आणि हे वेगळं. फड्या निवडुंगाला पांढरा चीक नसतो. युफोर्बिया हे एरंडाच्या कुळातलं. बांधावरचा शेर आणि लाल पानांचं पॉइन्सेटिया हे त्याचे सख्खे भाऊबंद. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो, असं जुनी माणसं सांगत आली. तोच नियम या कुंडीलाही लावायचा.

लागवड कशी करावी?

• माती: नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते आणि मुळं कुजतात. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत घ्यावं. कुंडीच्या तळाला भोक हवंच, त्यावर खापराचा तुकडा ठेवावा.

• ऊन: रोज पाच-सहा तास ऊन मिळालं तर फुलं भरपूर येतात. सावलीत झाड जगतं, पण नुसतं लांबत जातं.

• पाणी: वरची दोन बोटं माती कोरडी झाली की द्यावं. पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली किंवा वळचणीच्या आत घ्यावी. पाणी फारच कमी पडलं की पानं गळतात. झाड मेलं म्हणून उपटू नका, पाणी दिल्यावर पुन्हा फुटतं.

• खत: दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळ खत पुरे. युरिया टाकला तर पानंच माजतात, फुलं कमी येतात.

• कीड: पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पातळ पाण्यानं धुवून काढावा.

• नवीन रोप: फेब्रुवारी ते मे या काळात चार बोटं लांबीची फांदी कापावी. कापलेलं टोक पाण्यात बुडवलं की चीक थांबतो. फांदी तीन-चार दिवस सावलीत सुकवून मग ओलसर वाळूत लावावी. ओली फांदी लगेच लावली तर ती कुजते.

छाटताना ही काळजी घ्या

हातात जाड मोजे आणि डोळ्याला चष्मा लावा. फवारणीचा चष्मा चालतो. झाड धरायला वर्तमानपत्राची जाड घडी गुंडाळा. डोक्याच्या वरची फांदी कापू नका, चीक थेट तोंडावर उडतो. काम चालू असताना तोंडाला, डोळ्याला हात नको, तंबाखू मळणं तर नकोच. झाल्यावर हात आणि विळा साबणानं धुवा, चिकाचे कपडे वेगळे धुवा.

छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर टाकू नका. शेळी, वासरू तोंड घालतं, अनवाणी पोराच्या पायात काटा जातो. जाळूही नका, धूर डोळ्याला झोंबतो. खड्डा करून पुरून टाका.

घरात रांगतं मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पायवाटेच्या कडेला ठेवू नका.

चीक लागला तर काय करावं?

डोळ्यात गेला तर: चोळू नका. लगेच स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेखाली पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 20 मिनिटं डोळा धुवा. आग थांबली तरी त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडं जा, कारण खरा त्रास काही तासांनी वाढतो. मध, दूध, तूप, एरंडेल काही घालू नका. मेडिकलमधून मनानं थेंब आणून घालू नका. चुकीच्या थेंबानं डोळा आणखी बिघडतो. जाताना झाडाचा फोटो मोबाईलमध्ये काढून न्या, डॉक्टरांना लगेच कळतं.

कातडीला लागला तर: साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. फोड आले तर फोडू नका, दवाखान्यात दाखवा.

पोटात गेला तर: तोंडाची आग, उलटी, पोटदुखी होते. चूळ भरायला लावा, मुद्दाम उलटी करवू नका आणि दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.

काटा मोडला तर: चिमट्यानं काढून जागा साबणानं धुवा. जागा सुजली तर डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

माझी कुंडी मी फेकली नाही. ती आजही ओट्यावर आहे, फुलं भरभरून येतात. फक्त छाटायच्या दिवशी फवारणीचा चष्मा आधी डोळ्यावर चढतो, मग विळा हातात येतो. तुमच्या दारात हे झाड असेल तर घरातल्या पोराबाळांना आणि पाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना एवढं आजच सांगून ठेवा.