‘ॲम्नेस्टी’ : एका शब्दाचा पक्षीय इतिहास

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील रिपब्लिकन पक्षात परदेशीयांच्या आगमनाविषयी गेली चार दशके जो कलह चालत आला आहे, त्याचा वृत्तान्त सामान्यतः विधेयके आणि निवडणुका यांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाचा व्यासंग भाषाविषयक असल्यामुळे तोच वृत्तान्त येथे एका शब्दाच्या अनुरोधाने पाहण्याचे योजिले आहे. तो शब्द म्हणजे ‘ॲम्नेस्टी’. ज्या पक्षाच्या अध्यक्षाने १९८४ साली हा शब्द साऱ्या राष्ट्रासमक्ष निःसंकोचपणे उच्चारला, त्याच पक्षात वीस-बावीस वर्षांत तो शब्द म्हणजे एक आरोप होऊन बसला. शब्द पालटला तसे धोरण पालटले, की धोरण पालटल्यामुळे शब्द पालटला, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रथम व्युत्पत्तीविषयी थोडेसे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘अस्मरण’ असा आहे. त्यातील स्मरणवाचक धातू आणि आपल्या ‘आम्नाय’ शब्दातील ‘म्ना’ हा धातू एकाच कुळातील होत. इसवी सनापूर्वी ४०३ मध्ये अथेन्सच्या नागरिकांनी यादवीनंतर परस्परांचे अपराध न स्मरण्याची शपथ वाहिली, तिची आठवण या शब्दाशी जोडली गेली आहे. मराठीत आपण ‘सार्वत्रिक माफी’ असे भाषांतर करतो, तेव्हा भर विस्मरणावरून अपराधावर जातो. कारण माफी म्हटली की अपराधी आलाच. अमेरिकेतील वादातही हेच घडले.

१९८० च्या एप्रिलमध्ये ह्यूस्टन येथे रिपब्लिकन उमेदवारीसाठी झगडणारे रोनल्ड रेगन आणि जॉर्ज बुश (थोरले) यांची जाहीर चर्चा झाली. अनुमतीवाचून देशात आलेल्यांच्या मुलांना सरकारी शाळांत विनामूल्य शिकू द्यावे काय, असा प्रश्न श्रोत्यांतून आला. बुश यांनी त्या मुलांविषयी सहानुभूतीने उत्तर दिले. रेगन यांनी तर कुंपणाऐवजी कामाचे परवाने द्यावेत आणि सीमा दोन्ही बाजूंनी मोकळी असावी, असे सुचविले. पुढे २१ ऑक्टोबर १९८४ रोजी कॅन्सस सिटी येथे वॉल्टर माँडेल यांच्याशी झालेल्या वादात रेगन यांनी, ज्यांनी येथे मुळे रोवली आहेत त्यांच्यासाठी ‘ॲम्नेस्टी’ची कल्पना आपणांस मान्य आहे, असे स्पष्ट सांगितले. ‘मुळे रोवणे’ या रूपकाकडे लक्ष द्यावे. येथे दृष्टी मूळ अपराधावर नसून मधल्या काळावर आहे. हा अर्थ ग्रीक अर्थाच्या अधिक जवळचा होय.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी रेगन यांच्या सहीने जो कायदा झाला, त्यान्वये सुमारे २७ लक्ष लोकांना कायदेशीर निवासाचा हक्क मिळाला. कायद्याचे दुसरे अंग म्हणजे जाणूनबुजून अनधिकृत कामगार ठेवणाऱ्या मालकास दंड. हे अंग दुर्बळ निघाले. बनावट कागदपत्रे सहज मिळत आणि ती खरी आहेत की खोटी हे पाहण्याचे बंधन मालकावर फारसे नव्हते. वीस वर्षांत अनधिकृत रहिवाशांची संख्या पुन्हा एक कोटीच्या वर गेली, आणि पक्षातील कडव्या गटाने याचा दोष मालकांना न देता त्या शब्दालाच दिला. दंडाची तरतूद पातळ करण्यात ज्या व्यापारी व शेतमालक वर्गाचा हात होता, तो वर्ग याच पक्षाचा आधारस्तंभ होता, ही गोष्ट या संदर्भात क्वचितच सांगितली जाते.

त्याच सुमारास भाषेच्या आघाडीवरही एक चळवळ चालू होती, आणि तिचा अग्रणी आमच्याच व्यवसायातील होता. अर्थविज्ञानाचे अभ्यासक व कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन सेनेटर एस. आय. हायाकावा यांनी १९८१ साली इंग्रजीला राष्ट्राची अधिकृत भाषा ठरविणारी घटनादुरुस्ती मांडली. १९८३ साली त्यांनी जॉन टँटन यांच्यासह ‘यू. एस. इंग्लिश’ ही संस्था स्थापिली. हायाकावा स्वतः कॅनडात जन्मलेले, जपानी वंशाचे. शब्द म्हणजे वस्तू नव्हे, हे ज्यांनी आयुष्यभर शिकविले, त्यांनीच एका भाषेच्या नावावर राष्ट्राचे ऐक्य टांगावे, याचे नवल वाटते. घटनादुरुस्ती संमत झाली नाही. पण १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने आपल्या राज्यापुरती ती कल्पना स्वीकारली. १९८८ मध्ये टँटन यांचे लॅटिन अमेरिकनांविषयीचे एक अनुदार टिपण उघडकीस आले, तेव्हा संस्थेच्या अध्यक्षा लिंडा चावेझ यांनी राजीनामा दिला. त्या रिपब्लिकन होत्या आणि इंग्रजीच्या पुरस्कर्त्याही होत्या. म्हणूनच हा राजीनामा महत्त्वाचा मानला पाहिजे.

१९९४ हे वर्ष या इतिहासातील वळण समजले जाते. कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर पीट विल्सन पुनर्निवडणुकीस उभे होते, आणि अनधिकृत रहिवाशांना शाळा व सार्वजनिक वैद्यकीय सेवा नाकारणारा १८७ क्रमांकाचा प्रस्ताव त्याच वेळी मतास होता. विल्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत सीमा ओलांडून धावणारी माणसे दाखवून निवेदक म्हणे, ‘ते येतच आहेत.’ या वाक्यातील सर्वनामास पूर्वगामी नाम नाही. ते कोण, हे श्रोत्याने स्वतः भरावयाचे होते, आणि तीन पिढ्यांपासून तेथे नांदणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी ती जागा आपल्या नावाने भरली. (मराठीत ‘ते’ म्हटले की आदराची छटा येऊ शकते, इंग्रजीला तो आसरा नाही.) याच विल्सन यांनी सेनेटर असताना १९८५ साली शेतमालकांसाठी परदेशी हंगामी मजूर आणण्याची तरतूद पुढे रेटली होती, हेही नमूद केले पाहिजे. ऑक्टोबरमध्ये जॅक केंप व विल्यम बेनेट या दोघा प्रमुख रिपब्लिकनांनी प्रस्तावाचा जाहीर निषेध केला आणि स्वपक्षीयांचा रोष ओढवून घेतला. प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतांनी संमत झाला, विल्सन निवडून आले, आणि संघीय न्यायालयाने प्रस्तावाची मुख्य कलमे रोखून धरली. त्यानंतर त्या राज्यात नागरिकत्व घेणाऱ्यांची रीघ लागली. कॅलिफोर्निया त्यामुळेच पक्षाच्या हातून गेला, असे सरसकट म्हणणे मात्र धाडसाचे होईल; अध्यक्षीय निवडणुकीत पक्ष तेथे १९९२ सालीच हरला होता.

टेक्सासमध्ये याच्या नेमके उलट चालले होते. धाकटे जॉर्ज बुश तेथील गव्हर्नर होते. मोडकी का होईना, ते स्पॅनिश बोलत; कुटुंबाचे प्रेम रिओ ग्रांदे नदीपाशी संपत नाही, असे सांगत. सॅन अँटोनिओचे जाहिरातकार लायोनेल सोसा यांनी रेगन यांच्यासाठी घडविलेली पद्धत त्यांच्या कामी आली. तीत धोरणापेक्षा घर, श्रम, श्रद्धा यांचे आवाहन अधिक असे. ५ मे २००१ रोजी बुश यांनी अध्यक्षांचे साप्ताहिक नभोवाणी भाषण इंग्रजीबरोबर स्पॅनिशमध्येही केले. २००४ मध्ये त्यांना हिस्पॅनिक मतांपैकी ४४ टक्के मते मिळाल्याचे मतदानदिनाच्या पाहणीत दिसले. हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला आणि ४० च्या आसपास धरणे अधिक सयुक्तिक मानले गेले. तरीही तो तोवरचा उच्चांक होता.

परंतु शब्दाने बुश यांनाही सोडले नाही. डिसेंबर २००५ मध्ये प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताने अनधिकृत वास्तव्य हाच गुन्हा ठरविणारे विधेयक २३९ विरुद्ध १८२ मतांनी संमत केले. पुढील वसंतात शहरोशहरी लाखोंचे मोर्चे निघाले. मे २००६ मध्ये राष्ट्रास उद्देशून बोलताना बुश यांनी दंड, कर व प्रतीक्षा यांच्या अटीवर नागरिकत्वाचा मार्ग सुचविला, आणि आपोआप मिळणारे नागरिकत्व म्हणजे ‘ॲम्नेस्टी’, तिला आपला विरोध आहे, असेही सांगितले. रेगन यांनी ज्या अर्थाने शब्द स्वीकारला होता, त्याच अर्थाचे धोरण आता तो शब्द नाकारून मांडावे लागत होते. असा बचाव टिकत नसतो. प्रतिपक्षाने दिलेले नाव ‘ते आमचे नव्हे’ म्हणून पुन्हा पुन्हा उच्चारले की ते अधिकच चिकटते. २८ जून २००७ रोजी सेनेटमध्ये विधेयक ४६ विरुद्ध ५३ मतांनी अडले. क्यूबात जन्मलेले मेल मार्टिनेझ यांनी त्याच वर्षी पक्षाचे अध्यक्षपद दहा महिन्यांत सोडले. जानेवारी २००८ मध्ये जॉन मकेन यांनी, आपलेच विधेयक पुन्हा आले तर आपण त्याला मत देणार नाही, असे सांगितले. स्थळ होते कॅलिफोर्नियातील रेगन ग्रंथालय.

२०१२ साली मिट रॉमनी यांनी ‘स्वयं-निर्वासन’ असा शब्द योजिला. हाच शब्द १९९४ साली कॅलिफोर्नियातील लालो अल्कारास आदी उपहासकारांनी विल्सन यांची थट्टा करण्यासाठी वापरला होता. तो आता गंभीरपणे उच्चारला गेला. रॉमनी यांना २७ टक्के हिस्पॅनिक मते मिळाली. मार्च २०१३ मधील पक्षाच्या आत्मपरीक्षणपर अहवालाने स्थलांतर-सुधारणेचा स्वीकार करण्याची शिफारस केली. जूनमध्ये सेनेटने तसे विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले, त्यात १४ रिपब्लिकन होते. प्रतिनिधिगृहाने ते मतास घेतलेच नाही. जून २०१४ मध्ये बहुमतवाल्यांचे नेते एरिक कँटर पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत पराभूत झाले. प्रतिस्पर्ध्याने त्यांच्यावर जो ठपका ठेवला तो त्याच एका शब्दाचा होता.

अहवालाचा आणि त्याच्या विरोधकांचा एक समज मात्र समान होता. हिस्पॅनिक मतदार हा एकसंध असून स्थलांतराचा प्रश्न हाच त्याचा प्रश्न, असे दोघेही धरून चालले होते. मतभेद एवढाच, की त्याला जिंकावे की त्याच्यावाचून जिंकावे. ‘हिस्पॅनिक’ हे नाव मुख्यतः शासनाने रूढ केलेले आहे. १९७० नंतरच्या दशकात ते सरकारी आकडेवारीत स्थिरावले. त्यात पोर्तो रिकोचे लोक येतात, जे १९१७ पासून जन्मतः नागरिक आहेत; क्यूबन येतात, ज्यांना १९६६ च्या स्वतंत्र कायद्याने निवासाचा सुलभ मार्ग मिळाला; आणि टेक्सासची अशी घराणी येतात, ज्यांच्यावरून १८४८ साली सीमाच सरकली. यांपैकी कोणालाही ‘ॲम्नेस्टी’ची गरज नव्हती. अनेकांची घरची भाषाही आता इंग्रजी आहे.

डोनल्ड ट्रंप यांनी २०१५ मध्ये कडव्या गटाची भाषा पूर्णतः उचलली. पाहण्यांप्रमाणे त्यांची हिस्पॅनिक मते २०१६ मध्ये २८ टक्के, २०२० मध्ये ३२ आणि २०२४ मध्ये सुमारे ४६ टक्के झाली. रिओ ग्रांदेच्या काठावरील, जवळजवळ सर्वस्वी मेक्सिकन वंशाच्या स्टार परगण्याने शंभराहून अधिक वर्षांत प्रथमच रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. महागाई आणि रोजगार हे मतदारांनी सांगितलेले प्रमुख विषय होते. अहवालकारांचे भाकीत खोटे ठरले, हे खरे. परंतु यावरून त्या मतदारांनी हद्दपारीच्या प्रत्येक उपायाला संमती दिली, असे अनुमान काढणारेही तीच चूक उलट बाजूने करतात.

कलह मात्र संपला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कुशल तंत्रज्ञांना मिळणाऱ्या एच-१बी परवान्यावरून इलॉन मस्क व विवेक रामस्वामी एका बाजूस आणि स्टीव्ह बॅनन दुसऱ्या बाजूस, असा जाहीर वाद झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविण्यात आले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या घराघरांतूनही त्याची चर्चा झाली. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्षीय आदेशाने इंग्रजी अधिकृत भाषा झाली. हायाकावांच्या मृत्यूला तेव्हा तेहेतीस वर्षे झाली होती. फ्लॉरिडाच्या रिपब्लिकन प्रतिनिधी मारिया एल्विरा सालाझार यांनी २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाच्या वेरोनिका एस्कोबार यांच्यासह, दीर्घकालीन रहिवाशांना दंड भरून निवासाचा हक्क देणारे विधेयक मांडले. त्याच्या नावात सन्मानवाचक ‘डिग्निदाद’ हा स्पॅनिश शब्द घातलेला होता. स्वपक्षीय विरोधकांनी त्याचे वर्णन करताना नवा शब्द शोधला नाही.